आपल्याच दारात पार्किंगचे पैसे कुणाला द्यायचे?

वाचकांचे प्रश्न आणि वकीलताईंची उत्तरे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. जुळे सोलापुरात आमची 28 फ्लॅटची इमारत आहे, खाली रस्त्याच्या बाजूला सहा दुकाने आहेत. 2013 साली करारनामा नोंदवून मी फ्लॅट घेतला, पुढच्या वर्षी इमारतीला वापर परवाना मिळाला. सोसायटी अजून झालेली नाही. बिल्डरना विचारले की "करू की हो, घाई काय आहे," एवढेच उत्तर मिळते. दिवाळीनंतर त्यांनी इमारतीखालची स्टिल्टची (खांबांमधली मोकळी) जागा आणि मागचे मोकळे अंगण एका ठेकेदाराला चालवायला दिले. त्याने गेटवर बोर्ड लावला : चारचाकी महिना 800 रुपये, दुचाकी 150, पावती नसलेल्या गाडीला जॅमर आणि 500 रुपये दंड. दुकानात येणाऱ्यांना तो तासाच्या दराने जागा देतो, त्यामुळे कधी कधी आमच्याच गाड्या बाहेर उन्हात राहतात. संक्रांतीला गड्डा यात्रेसाठी लेक-जावई लातूरहून आले. सकाळी निघायच्या वेळी पाहतो तर जावयांच्या गाडीला जॅमर. पैसे मोजल्याशिवाय काढणार नाही म्हणाला. जावयांसमोर वाद नको म्हणून मी 500 रुपये दिले. बिल्डर म्हणतात, "जागा अजून माझ्याच नावावर आहे, शिवाय पार्किंगचे हक्क माझ्याकडे राहतील असे तुमच्या करारातच लिहिले आहे." निम्मे रहिवासी म्हणतात, कटकट नको, भरून टाकू. आम्ही काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, बिल्डरचे दोन्ही मुद्दे कायद्यापुढे टिकणारे नाहीत. तुम्ही पैसे भरू नयेत असे माझे मत आहे आणि ते का, हे जरा सविस्तर सांगते. हेच प्रश्न विजापूर रोड, होटगी रोड, सैफुल इथल्या वाचकांनीही विचारले आहेत. त्यांनीही हे उत्तर वाचावे.

तुमचा करार 2013 चा, परवाना 2014 चा. म्हणजे तुमच्या इमारतीला महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, 1963, म्हणजे आपण ज्याला 'मोफा' म्हणतो तो कायदा लागू आहे. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा नंतरचा केंद्रीय कायदा, त्याची मुख्य कलमे 1 मे 2017 पासून लागू झाली. त्याआधीच पूर्ण होऊन परवाना मिळालेल्या इमारतीला रेरात नोंदणी करावी लागली नाही, म्हणून महारेरा या रेराखालच्या राज्य प्राधिकरणाच्या दारात जाण्यात तुमचा वेळ जाईल. मोफा तुमच्यासाठी पुरेसा आहे.

या कायद्याखाली पार्किंगचा मोठा खटला दहिसरच्या एका सोसायटीचा. तिथे बिल्डरने दावा केला होता की स्टिल्टमधल्या 25 जागा माझ्या, मी त्या कुणालाही विकू शकतो, सोसायटीने तिथे पाय ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी निकाल दिला : स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे फ्लॅट नव्हे आणि गॅरेजही नव्हे, ती इमारतीच्या सामाईक भागांपैकी आहे. बिल्डरला विकता येतात ते फ्लॅट. सामाईक जागेची किंमत फ्लॅट घेणाऱ्यांनी फ्लॅटच्या किमतीतच मोजलेली असते. सोसायटी झाल्यावर बिल्डरकडे हक्क उरतो तो फक्त न विकलेल्या फ्लॅटांपुरता. आता तुम्हीच पाहा सर, जी जागा त्याला विकता येत नाही ती ठेकेदाराला महिन्याच्या वसुलीसाठी कोणत्या अधिकाराने देता येईल? उघड्या अंगणाचेही तेच. करारातल्या ज्या ओळीचा ते दाखला देतात तिचे उत्तरही त्याच खटल्यात आहे. कायद्याने फ्लॅटधारकाला दिलेला हक्क करारात उलटे लिहून घेऊन काढून घेता येत नाही.

राहिला जागा नावावर असण्याचा मुद्दा. ती अजून त्यांच्या नावावर आहे, कारण त्यांनी त्यांचे कर्तव्य केलेले नाही. मोफाच्या कलम 10 प्रमाणे ठरलेल्या मुदतीत सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. नियमांत ही मुदत, नोंदणीला लागतील इतके फ्लॅटधारक झाल्यापासून चार महिन्यांची आहे. कलम 11 प्रमाणे पुढे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यावी लागते. ही कर्तव्ये मोडणाऱ्याला कलम 13 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतः न केलेल्या कामाचा फायदा घेऊन म्हाताऱ्या माणसांकडून महिन्याला 800 रुपये वसूल करणे हा अन्याय आहे आणि तो सहन करू नये असे मला मनापासून वाटते.

आता कामाचे. आधी कागद गोळा करा. करारनामा आणि सूची क्रमांक दोन (करार नोंदवल्याचा उतारा) तुमच्याकडे असेलच. मंजूर नकाशा नसेल तर इंद्रभुवनच्या आवारात महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाकडे प्रत मागा. टाळाटाळ झाली तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या, 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकाशात स्टिल्ट कुठे, मोकळी जागा कुठे, रहिवाशांच्या किती गाड्या, दुकानांच्या किती, हे सगळे दाखवलेले असते. माझ्या अनुभवात बहुतेक रहिवाशांनी हा नकाशा कधी उघडून पाहिलेला नसतो, आणि भांडणाचा अर्धा निकाल त्यातच लागतो. नकाशातली पार्किंगची जागा दुसऱ्या कामाला वापरलेली दिसली, उदाहरणार्थ स्टिल्टमध्ये भिंत घालून गाळा काढलेला असेल, तर महापालिकेकडे वेगळी लेखी तक्रार करा.

नकाशासोबत आणखी एक गोष्ट तपासा. बिल्डरने 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र नोंदवले आहे का? पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिले म्हणून इमारत त्या कायद्याखाली येत नाही, घोषणापत्राची नोंदणी व्हावी लागते. ते झाले असेल तर सोसायटीऐवजी फ्लॅटधारकांची असोसिएशन असते आणि कोणती जागा सामाईक, कोणती कुणासाठी राखीव, हे त्या घोषणापत्रात लिहिलेले असते. दुय्यम निबंधकाकडे शोध घेतला की कळते. तुमच्या पत्रावरून तसे झालेले दिसत नाही.

मग बैठक घ्या. दुकानदारांनाही बोलवा, हे मी मुद्दाम सांगते. मोफात फ्लॅटच्या व्याख्येत दुकानही येते, म्हणजे ते सहा जण तुमच्यासारखेच हक्कदार आहेत. ठेकेदार त्यांच्या गिऱ्हाइकांकडूनही पैसे घेतो, म्हणजे गिऱ्हाईक त्यांचेही तुटते. आज तुम्ही त्यांच्यावर चिडलेले असाल, पण ते तुमच्या बाजूला आले तर तुमचे बळ वाढेल. निम्म्याहून अधिक जण सह्या करायला तयार झाले की बिल्डरची वाट पाहू नका. बिल्डर सोसायटी करत नसेल तर फ्लॅटधारक स्वतः जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करू शकतात आणि बिल्डरच्या सहीविना सोसायटी नोंदवली जाऊ शकते. सोसायटी झाल्यावर त्याच कार्यालयात मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा), म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून घेण्याचा अर्ज. त्यावर जास्तीत जास्त सहा महिन्यांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, तो करायला निवृत्त माणसांइतका योग्य कोणी नाही. आणि लोक एकत्र येत नाहीत ही सबब मला सोलापुरात ऐकवत नाही. शेजारी कुंभारीला विडी कामगार बायांनी सहकारी संस्थेतून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. तुम्ही 34 खातेदार आहात.

सोसायटी होईपर्यंत ठेकेदाराचे काय, हा तुमचा खरा घाईचा प्रश्न. फ्लॅटधारकांच्या सह्यांनी बिल्डर आणि ठेकेदार दोघांना वकिलामार्फत नोटीस द्या : वसुली थांबवा, बोर्ड काढा, घेतलेले पैसे परत करा. ऐकले नाही तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा. सोसायटी नाही म्हणून दावा करता येत नाही असे कोणी सांगेल, ते खरे नाही. समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने काही जणांना न्यायालयाच्या परवानगीने दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे. पैसे परत मागायला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. फ्लॅटपोटी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, त्यापुढे थोडे लागते. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, म्हणून पावत्या जपून ठेवा. जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

जॅमरबद्दल. दंड करण्याचा अधिकार कायद्याने द्यावा लागतो. रस्त्यावर तो वाहतूक पोलिसांना आहे. खासगी ठेकेदाराने बोर्डावर 'दंड' लिहिले म्हणून तो त्याला मिळत नाही. फार तर तो म्हणेल की बोर्ड वाचून गाडी लावली म्हणजे करार झाला. पण जी जागा त्याची नाहीच तिथे करार कोण कुणाशी करणार? आणि करार मानला तरी भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, हवी ती रक्कम नाही. पुन्हा असे झाले तर जॅमर तोडू नका. तोडलात की उलट तुमच्यावरच नुकसानीची तक्रार होईल आणि मूळ विषय बाजूला पडेल. फोटो काढा, बोर्डाचाही काढा, 112 ला फोन करा आणि चौकीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून पोलीस परत पाठवू पाहतील. नुसत्या उभ्या गाडीच्या जॅमरवर गुन्हा नोंदवायला ते कचरतात हे मी पाहिले आहे. पण पैसे दिल्याशिवाय गेटबाहेर जाऊ देणार नाही म्हणून माणसांनाच थांबवले असेल तर ते स्पष्ट लिहा. माणसाला बेकायदा अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली गुन्हा आहे. दवाखान्यात जायचे आहे, गाडी गाठायची आहे, अशा वेळी पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका. यूपीआयने द्या, आणि पावतीवर 'हक्क राखून, निषेधासह दिले' असे लिहून सही करा. जावयांच्या वेळचे 500 रुपये रोख दिले असतील तरी त्या दिवसाची हकिकत आजच कागदावर लिहून ठेवा, शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्या.

आता जे भरून टाकू म्हणतात त्यांच्यासाठी. सोसायटी झाली म्हणजे पार्किंग कायमचे फुकट असे नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पार्किंगचे शुल्क सर्वसाधारण सभा ठरवू शकते. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर वर्षावर्षाच्या मुदतीने चिठ्ठ्या टाकून वाटप करता येते. पण तो पैसा सोसायटीच्या खात्यात जातो, त्यातून रंग, लिफ्ट, बोअर, वॉचमनचा पगार होतो, आणि हिशेब दरवर्षी तुमच्यापुढे येतो. पैसे देण्याला माझी हरकत नाही. चुकीच्या माणसाला देण्याला आहे. शिवाय आज सगळ्यांनी मुकाट्याने भरायला सुरुवात केली तर उद्या न्यायालयात बिल्डर त्याच पावत्या काढून म्हणेल की रहिवाशांना ही व्यवस्था मान्य होती.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिने तिथे लीजवर (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने) फ्लॅट घेतला आहे, लीजमध्ये तिच्या गाडीची जागा क्रमांकासह लिहिली आहे. तिथे आता एका खासगी पार्किंग कंपनीची देखरेख असते. एकदा परमिटचा कागद काचेवरून खाली घसरला, तर स्वतःच्या जागेत उभ्या गाडीबद्दल 100 पौंडांची नोटीस आली. दोन आठवड्यांत भरले तर 60 म्हणे. तिने भरले नाहीत. आता वसुली कंपनीचे 170 पौंडांचे पत्र आले आहे. पोरीला झोप नाही. तिच्यावर गुन्हा दाखल होईल का?
— एक आई, रेल्वे लाइन्स

उत्तर : ताई, लेकीला आधी एवढे कळवा की हा गुन्हा नाही. तिथल्या कौन्सिलचा किंवा पोलिसांचा दंड वेगळा असतो. हा खासगी कंपनीने करारभंगाबद्दल मागितलेला पैसा आहे, म्हणजे दिवाणी मागणी. वसुली कंपनी पत्रे कितीही कडक लिहो, न्यायालयाचा निकाल असल्याशिवाय तिला कुणाच्या दारात येऊन वस्तू नेण्याचा अधिकार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत गाडीला जॅमर लावण्यावर ऑक्टोबर 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे तीही भीती नको.

मी तिथली वकील नाही, पण या विषयावरचे तिथले दोन निकाल वाचले आहेत आणि मुलीला दोन्ही माहीत असावेत. कंपनी बहुधा 2015 चा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवेल, त्यात 85 पौंडांची मागणी योग्य ठरली. पण तो चेम्सफर्डच्या एका खरेदी संकुलाच्या पार्किंगचा खटला होता. तिथे दोन तास फुकट होते, बाहेरून येणारा माणूस बोर्ड वाचूनच आत जात होता आणि जागेवर त्याचा आधीपासून कसलाच हक्क नव्हता. तुमच्या लेकीचा आहे. तिच्या उपयोगाचा निकाल 2016 चा, ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात अपिलात झालेला. एका रहिवासी बाईंनी टेबल उतरवून घ्यायला इमारतीच्या दाराशी थोडा वेळ गाडी थांबवली होती. न्यायालयाने सांगितले की सामान उतरवणे म्हणजे पार्किंग नव्हे, आणि लीजने दिलेला हक्क मागाहून नेमलेल्या पार्किंग कंपनीला एकतर्फी बदलता येत नाही. काउंटी कोर्टाचा निकाल दुसऱ्या न्यायालयावर बंधनकारक नसतो, पण वजन असते. जुळे सोलापूरच्या सरांना आणि लेस्टरच्या मुलीला कायदे वेगवेगळे लागू आहेत, तरी प्रश्न एकच आहे : घर घेताना सही केलेला कागद आधीचा, बोर्ड नंतरचा.

म्हणून तिने लीज नीट वाचावी. जागा तिला दिली आहे एवढेच लिहिले आहे, की 'मालक वेळोवेळी करील ते नियम पाळावे लागतील' असेही एखादे कलम आहे? दुसरे असेल तर तिची बाजू थोडी कमजोर होते. लीजच्या त्या पानाची प्रत लावून इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटला लिहावे की ही मागणी रद्द करायला कंपनीला सांगा. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. कंपनीकडे हरकतीची मुदत साधारण 28 दिवसांची असते. ती नाकारली तर कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे 'पोपला' किंवा 'आयएएस' या संस्थेकडे दाद मागता येते. वसुलीची पत्रे सुरू झाली आहेत त्या अर्थी ही मुदत बहुधा गेली असेल.

मग एक गोष्ट मात्र चुकवू नये. दावा करण्यापूर्वीचे औपचारिक पत्र आले तर 30 दिवसांत उत्तर द्यावे. आणि कोर्टाचा दावा खरेच आला तर तो बाजूला ठेवू नये. बजावणीपासून 14 दिवसांत पोच द्यायची, म्हणजे बचाव मांडायला एकूण 28 दिवस मिळतात. उत्तर दिले नाही तर एकतर्फी निकाल लागतो. निकालाची रक्कम महिन्याभरात भरली नाही तर त्याची नोंद सहा वर्षे राहते आणि कर्ज, भाड्याचे घर मिळताना आडवी येते. लेकीला नुकसान झाले तर ते गप्प बसण्याने होईल. सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था तिथे मोफत सल्ला देते, लीज आणि सगळी पत्रे घेऊन तिने या आठवड्यातच तिथे जावे.

प्रश्न : होटगी रोडला भाड्याने राहतो. मालक पुण्याला असतात. सोसायटी मालकांकडून दुचाकीचे महिना 50 रुपये घेते आणि भाडेकरूंकडून 200. बरोबर आहे का?
— एक भाडेकरू

उत्तर : फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटीला सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. पार्किंगच्या नावाखाली चौपट आकारणी म्हणजे हीच मर्यादा मागच्या दाराने ओलांडणे आहे, असे माझे मत आहे. ज्या सर्वसाधारण सभेत हा दर ठरला तिच्या ठरावाची प्रत मागा. ठरावच झालेला नसेल तर आकारणीला आधार नाही. झाला असेल तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येईल. मात्र दोन्ही अर्ज मालकांच्या सहीने द्या. सोसायटीचे सदस्य ते आहेत, तुमच्या एकट्याच्या सहीचा अर्ज समिती ठेवून घेईल आणि उत्तर देणार नाही.